आईंच्या गोळ्यांचा डबा एकदा पूर्ण उघड

अगं, काल फोनवर तू सहज म्हणालीस, "आईंचे गुडघे फार दुखतायत, मेडिकलमधून गोळी आणून देते, दोन दिवस बरं वाटतं," आणि लगेच पोराच्या शाळेच्या फीकडे वळलीस. माझं मन मात्र त्या गोळीपाशीच अडकलं. तुझ्यामागे कुकर वाजत होता, तुझ्या सासूबाई, आई, जवळच बसलेल्या होत्या, म्हणून गप्प बसले. आज निवांत सांगते. घाबरवायला नाही सांगत. त्या घरात आईंचं खाणंपिणं, झोप, चालणं सगळ्यात जवळून बघणारी तू आहेस, म्हणून तुलाच सांगायला हवं.

पहिली गोष्ट, आईंची बीपीची गोळी बघ. तिच्या नावापुढे 'एच' हे अक्षर आहे, बरोबर? पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत दोन नावं असतील. एक टेल्मिसार्टन, दुसरं हायड्रोक्लोरोथायाझाइड. पहिलं रक्तदाब उतरवतं, दुसरं लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर काढतं, ज्याला आपण पाण्याची गोळी म्हणतो. म्हणजे आई एक गोळी घेतात असं आपल्याला वाटतं, आणि पोटात औषधं दोन जातात. आता तू मेडिकलमधून आणतेस ती गुडघ्याची गोळी. ती डायक्लोफेनॅक असो, अॅसिक्लोफेनॅक असो, आयबुप्रोफेन असो, ती झाली तिसरी. या तिघींची गाठ म्हाताऱ्या शरीरात पडली की किडनी अडचणीत येते. एकेकटीनं क्वचितच इतकं बिघडतं.

का ते नीट समजून घे, एकदा समजलं की पाठ करायची गरज राहत नाही. आपल्या दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत शरीराला देतात. एवढं गाळायचं तर रक्ताला दाब हवा. माहेरच्या मळ्यातला पाट आठव. वाफ्याला पाणी आत यायचं एक दार आणि बाहेर जायचं एक दार. आतलं दार मोकळं आणि बाहेरचं थोडं आवळलेलं असलं की वाफ्यात पाणी तुंबून जमिनीत मुरतं. किडनीतल्या प्रत्येक बारीक गाळणीला अशीच दोन दारं आहेत. दुखण्याची गोळी ज्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांना अडवून गुडघ्याची सूज उतरवते, तीच द्रव्यं किडनीत आत येणारं दार उघडं धरून ठेवतात. गोळी घेतली की ते दार आवळतं. टेल्मिसार्टन बाहेरचं दार सैल सोडतं. आणि पाण्याच्या गोळीनं पाटातलं पाणीच कमी केलेलं असतं. मग वाफ्यात मुरायला राहिलं काय?

तू किंवा मी तीच गुडघ्याची गोळी चार दिवस घेतली तर बहुधा काही होणार नाही. धडधाकट शरीरात ते दार उघडं ठेवायला प्रोस्टाग्लँडिनची फारशी गरज पडत नाही. वय झालं, अंगातलं पाणी कमी झालं, हृदय थकलं, की किडनी त्यांच्याच आधारावर उभी असते. म्हणून "मला तर या गोळीनं काही झालं नाही" हे शेजारच्या वहिनींचं वाक्य आईंच्या बाबतीत कामाचं नाही. ब्रिटनमधल्या जवळपास पाच लाख बीपीच्या रुग्णांच्या नोंदी तपासून २०१३ साली एक अभ्यास छापून आला होता. बीपीच्या अशा दोन औषधांच्या जोडीला दुखण्याची गोळी घेणाऱ्यांत किडनीला अचानक इजा होण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी जास्त निघालं, आणि पहिल्या ३० दिवसांत तर ८२ टक्क्यांनी. पहिल्या ३० दिवसांत, लक्षात घे. आपण म्हणतो, "चारच दिवस देते, रोज थोडीच?" धोका त्या सुरुवातीच्या दिवसांतच जास्त असतो.

आता हे वाचून बीपीची गोळी बंद करायला जाशील, तर थांब. ते मुळीच करायचं नाही. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल या औषधांनी मधुमेही माणसाची किडनी वर्षानुवर्षं जपली जाते. आईंना शुगर आहे, त्यांना ती गोळी हवीच. बाजूला ठेवायची ती दुखण्याची गोळी. कुठली गोळी चालू ठेवायची आणि कुठली थांबवायची हा निर्णय डॉक्टरांचा. तुझं काम एवढंच की ही तिन्ही नावं एकत्र पोटात जातायत हे त्यांच्या कानावर घालायचं. अगं, त्यांना ते माहीतच नसतं. बीपीचे डॉक्टर वेगळे, हाडांचे वेगळे, डोळ्यांचे वेगळे, आणि गुडघ्याची गोळी तर कुठल्याच चिठ्ठीवर नाही. ती तू पिशवीत घालून आणलीस.

मी इतकी वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे काढली. डायक्लोफेनॅकच्या पाकिटावर स्वच्छ छापलेलं असतं की डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये. तरी लोक रिकामं पाकीट समोर धरतात, "हीच द्या, दहा द्या." आणि त्याहून जास्त जीव घाबरतो तो एकच औषध दोन नावांनी घेणाऱ्यांना बघून. हाडांच्या डॉक्टरांनी एका नावाची गोळी दिलेली, दातांच्या डॉक्टरांनी दुसऱ्या नावाची. रंग वेगळा, कंपनी वेगळी, आत दोन्हीकडे अॅसिक्लोफेनॅक. माणूस दोन्ही प्रामाणिकपणे वेळेवर घेतो. म्हणून तुला सांगते, समोरचं मोठं नाव वाचू नकोस, मागचं बारीक नाव वाच. ज्याच्या शेवटी 'फेनॅक' किंवा 'प्रोफेन' येतं, आणि नेप्रोक्सेन, निमेसुलाइड, इटोरिकॉक्सिब, ही सगळी एकाच घरातली मंडळी. 'पोटाला चांगली' म्हणून दिलेली इटोरिकॉक्सिबसुद्धा किडनीला सौम्य नाही.

गिधाडांचं तुला आठवतं का? आपल्या लहानपणी गावाबाहेर मेलेल्या ढोरांवर थवेच्या थवे उतरायचे. मग ते जवळजवळ नाहीसेच झाले. २००४ साली कारण हाती लागलं. आजारी गुरांना डायक्लोफेनॅक टोचलं जायचं, ते जनावर मेलं की गिधाडं त्याचं मांस खायची आणि किडन्या निकामी होऊन मरायची. २००६ साली भारतानं गुरांसाठी हे औषध बंद केलं. रायगडात म्हसळ्याच्या बाजूला उरलीसुरली गिधाडं जपायला माणसं आजही राबतायत. माणसाची किडनी गिधाडाइतकी नाजूक नसते, हे खरं, आणि ती तुलना मी ओढूनताणून करणार नाही. पण ज्या औषधानं एवढा मोठा पक्षी आभाळातून पुसला गेला, ते घरच्या ड्रॉवरमध्ये खोबरेल तेलाच्या बाटलीशेजारी पडलेलं असतं, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

आता आईंचा रिपोर्ट. तू म्हणालीस, "क्रिएटिनिन १.१ आहे, नॉर्मल लिहिलंय." अगं, क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. आईंचं वजन जेमतेम ४५ किलो, अंगावर मांस उरलंय कुठे? तयारच कमी होतं, म्हणून रक्तात आकडा कमी दिसतो. २५ वर्षांच्या मुलाच्या रक्तात १.१ निघालं तर त्याच्या किडनीचा वेग, ज्याला रिपोर्टात ईजीएफआर म्हणतात, तो ९५ च्या आसपास येतो. ७६ वर्षांच्या बाईचं तेच १.१ असेल तर हिशेब ५२ च्या आसपास जातो. आकडा एकच, किडन्या दोन निराळ्या. तेव्हा क्रिएटिनिनवर थांबू नकोस, ईजीएफआर बघ. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागच्या वर्षीचा रिपोर्ट शेजारी ठेव. ०.७ वरून १.१ झालं असेल तर 'नॉर्मल'च्या रकान्यात राहूनही किडनी बरीच खाली आलेली असू शकते.

यातूनच आणखी एक गोष्ट निघते, जी घरात आनंदाची बातमी म्हणून येते. मधुमेहाच्या म्हाताऱ्या माणसाची शुगर अचानक छान येऊ लागते. पथ्य तेच, गोळ्या त्याच, तरी आकडे खाली. सगळे म्हणतात, कारल्याच्या रसाचा गुण आला. इन्सुलिन शरीराबाहेर टाकण्याचं बरंचसं काम किडनीच करते, आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा अंशही तिच्यातूनच बाहेर जातो. किडनी मंदावली की औषध अंगात रेंगाळतं आणि शुगर पडते. पहाटे घाम फुटला, आई बरळल्यासारखं बोलल्या, तर म्हातारपण म्हणून सोडू नकोस. आधी बोट टोचून शुगर बघ आणि मग किडनीची तपासणी करून घे. पायांच्या मुंग्यांसाठी प्रीगाबालिन देतात ना, तेही असंच साठतं. मग झापड येते, तोल जातो, आणि रात्री बाथरूमला जाताना पडून खुब्याचं हाड मोडतं. आपण दोष फरशीला देतो.

आजारपणाचे दिवस मात्र सगळ्यात सांभाळायचे. आईंना जुलाब लागले, उलट्या झाल्या, ताप चढला, दोन दिवस पोटात अन्न नाही, तरी आई नेमानं गोळ्या घेणार. "डॉक्टरांनी सांगितलंय, चुकवायच्या नाहीत." त्यांची शिस्त खरंच कौतुकाची, पण अंगातलं पाणी आटलेलं असताना पाण्याची गोळी, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन, आणि नव्या शुगरच्या गोळ्यांपैकी ज्यांच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येतं त्या, तशाच चालू राहिल्या तर अवघड होतं. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाशील तेव्हा, आई ठणठणीत असतानाच, त्यांना सरळ विचार: "जुलाब-उलट्या झाल्या तर यातल्या कुठल्या गोळ्या थांबवू, आणि पुन्हा कधी सुरू करू?" बहुतेक डॉक्टर सांगतात की नीट खाणंपिणं सुरू होऊन एक-दोन दिवस झाले की पुन्हा चालू करा. आईंसाठी काय ते त्यांच्याकडून चिठ्ठीवरच लिहून घे. इन्सुलिन असेल तर ते आपल्या मनानं बंद करायचं नाही; त्याचं काय करायचं हेही त्याच वेळी विचारून ठेव.

जुलाबच व्हायला हवेत असंही नाही. वैशाखातलं ऊन पुरतं. म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते, आणि बायका तर प्रवासात मुद्दाम पाणी पीत नाहीत, वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून. आई आषाढीच्या वारीत एक टप्पा तरी पालखीबरोबर चालायचं म्हणतात ना? पुण्याहून सासवडला दिवे घाट चढायचा, पाणी बेताचं प्यायचं, गुडघा बोलायला लागला की पिशवीतली गोळी घ्यायची. एकादशीचा निर्जळा उपास त्यातच. त्यांची श्रद्धा मोडू नकोस गं. वारीआधी डॉक्टरांकडे ने, पिशवीतून दुखण्याची गोळी काढून मलम ठेव, आणि त्यांच्याबरोबर चालणाऱ्या बाईला सांगून ठेव की पाणी पाजत राहा. तुझ्या सासऱ्यांना, अण्णांना, मात्र हृदयाचा त्रास असल्यामुळे पाणी मोजून सांगितलंय. त्यांना "पाणी पी, पाणी पी" करू नकोस.

अण्णांचं निघालंच आहे तर सांगते. त्यांची प्रोस्टेट वाढलेली आहे. अशा पुरुषाला सर्दीसाठी मेडिकलमधली साधी गोळी, क्लोरफेनिरामिनची, दिली की कधीकधी लघवीच अडते. मूत्राशय भरून राहतं आणि मागचा दाब किडनीवर येतो. ओटीपोट फुगलंय, थेंबथेंब होतेय, बेचैनी आहे, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नकोस, रात्रीच ने. नळी घालून लघवी मोकळी केली की बहुतेक वेळा किडनी सावरते.

पित्ताच्या गोळीबद्दल थोडक्यात. पँटोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल. सकाळी उठल्या उठल्या घेतल्याशिवाय अर्ध्या घरांचा दिवस सुरू होत नाही. काहींना ती खरंच लागते, विशेषतः रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर. पण क्वचित कोणाला तिचं वावडं होऊन किडनीला आतून सूज येते, आणि ती दिसत नाही, दुखत नाही. तेव्हा वर्षानुवर्षं चालू असेल तर "अजून लागते का?" एवढं विचारायचं. हॉस्पिटलात ठेवलं असताना जेंटामायसिन किंवा अमिकासिनचं इंजेक्शन सुरू झालं, किंवा डाय देऊन सीटी स्कॅन, अँजिओग्राफी ठरली, तर आईंचं वय, शुगर आणि आधीचं क्रिएटिनिन तू स्वतःहून सांग. अमिकासिननं इजा झाली तरी लघवी पहिल्यासारखीच होत राहू शकते, म्हणून रक्त तपासूनच कळतं.

आणि ती पुडी. तुझ्या नणंदेनं कुठूनसं आणलेलं सांधेदुखीचं चूर्ण, "आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही." चांगल्या वैद्यांवर माझा विश्वास आहे, आपल्या आजीला त्यांनीच उभं केलं होतं. पण ज्या पुडीवर नाव नाही, घटक नाहीत, बॅच नंबर नाही, बिल नाही, ती घरात नको. अशा पुड्यांत स्टेरॉइड आणि दुखण्याच्या गोळ्यांची भुकटी सापडलेली आहे. दोन दिवसांत चमत्कारासारखा आराम पडला तर उलट संशय घ्यायचा. २००८ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात इंटरनेटवरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक औषधांपैकी साधारण पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं होतं. या धातूंचा भार शेवटी किडनीवर पडतो. आणि हो, बीपीसाठी चांगलं म्हणून आणलेलं लो सोडियम मीठही दाखव डॉक्टरांना. त्यात पोटॅशियम असतं. टेल्मिसार्टनही पोटॅशियम अंगात धरून ठेवतं, आणि ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

मग गुडघ्याचं काय, हे तू विचारणारच. दुखतंय त्यांना, आणि वेदनेत ठेवून वर उपदेश करणं मला पटत नाही. पॅरासिटॅमॉल किडनीला त्या मानानं सुरक्षित. आईंच्या वजनाला एका वेळी ५०० मिलिग्रॅम, मध्ये किमान ६ तास, आणि दिवसाला ४ गोळ्यांच्या वर नाही. तेही डॉक्टरांना एकदा विचारून, आणि सर्दी-तापाच्या गोळीत तेच औषध पुन्हा नाही ना हे बघून. खरं सांगायचं तर तेवढ्यानं झिजलेला गुडघा पूर्ण शांत होत नाही. दुखऱ्या जागी लावायचं जेल बरंच काम करतं. त्यातही डायक्लोफेनॅक असतं, पण रक्तात फार थोडं उतरतं. सगळ्या अंगाला मात्र चोळायचं नाही. त्याहून उपयोगाचं म्हणजे मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम, खुर्चीत बसून पाय सरळ करून धरायचा तो. फिजिओथेरपिस्टला चार वेळा घरी बोलाव. कमोड बसव, काठी आण, भाजी निवडायला खाली बसू देऊ नकोस.

मला माहीत आहे, सगळ्यात अवघड हे नाही. सासूच्या दुखण्याची गोळी सुनेनं काढून घेणं अवघड. "हिला माझं दुखणं दिसत नाही," असं वाक्य एकदा घरात पडलं की महिना जातो. म्हणून तू एकटीनं हे करू नकोस. तुझ्या नवऱ्याला आधी सांग, आणि आईंशी बोलायचं ते त्यानं बोलावं. त्याहून बरं, सगळा डबा, पुडीसकट, पिशवीत भरून आईंना घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्यांच्या तोंडून ऐकू दे. आईंना "ही गोळी घेऊ नका" म्हणण्याआधी शेकायला गरम पाण्याची पिशवी हातात दे. आपलं दुखणं कोणीतरी मानलं, हे त्यांना कळलं की पुढचं सोपं जातं. आपल्या घरांत गोळी आणून देणं ही मायाच असते गं. तुझीही होती.

लक्ष कशाकडे ठेवायचं? लघवी कमी झाली, पायांवर किंवा डोळ्यांखाली सूज, जेवणावरची वासना गेली, मळमळ, धाप, नेहमीपेक्षा सुस्ती किंवा गोंधळ. पायाची सूज अॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीनंही येते, आणि मग त्या सुजेसाठी आणखी एक पाण्याची गोळी सुरू होते, म्हणून सूज कधीपासून आणि कुठल्या गोळीनंतर हे सांगायला विसरू नकोस. कित्येकदा यातलं काहीच दिसत नाही. म्हणून नवी बीपीची गोळी सुरू झाली किंवा मात्रा वाढली की एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम करून घ्यायचं. वेळेत सापडलं तर नुसतं औषध थांबवून, पाणी भरून, काही दिवसांत किडनी बरीचशी पूर्वपदावर येते. उशीर झाला तर डायलिसिसपर्यंत जातं, आणि या वयात किडनी पुन्हा पहिल्यासारखी होईलच असं नाही.

एक वही कर. प्रत्येक औषधाचं मागचं बारीक नाव, मात्रा, कोणी दिलं, कधीपासून. मलम, डोळ्यांचे थेंब, चूर्ण, मीठ, सगळं. कुठल्याही डॉक्टरांकडे ती वही आईंच्या आधी आत जायला हवी. आज संध्याकाळी आई देवळात गेल्या की डबा काढ आणि प्रत्येक पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो मला पाठव, पुडीचाही. सोबत मागच्या दोन वर्षांचे रिपोर्ट. मी बघते आणि डॉक्टरांना काय काय विचारायचं ते लिहून देते. तोवर दुखण्याची ती गोळी देऊ नकोस. फारच दुखलं तर वर सांगितलेली पॅरासिटॅमॉल आणि जेल, आणि मला फोन कर, रात्र झाली असली तरी.